अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्या

"ब्राह्मीबाई, ते तुमच्या नाकात आहेत," हेरेकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि म्हणून झाल्यावर त्यांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं. आधी दार लोटायला हवं होतं, एवढंच ब्राह्मीच्या मनात आलं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली सरकवत होतं, तो आवाज मधेच थांबला. तिचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि अर्ध्या वाटेत थबकला. अडतीस वर्षं हे नाक तिच्या तोंडावर होतं. सतराव्या वर्षी, नवरा गेला तेव्हा, त्यातली चमकी काढून घेतली, त्या दिवसानंतर त्याची अशी आठवण तिला कधी झाली नव्हती. चार दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी तारेला कापूस गुंडाळून दवाखान्यातल्या सगळ्या नर्सांच्या आणि आयांच्या नाकांतून तो फिरवला होता. तेव्हा सगळ्या हसल्या होत्या, अंबुबाईला तर शिंकांवर शिंका आल्या होत्या. ते कापसाचे बोळे बेळगावच्या कँपातल्या प्रयोगशाळेत गेले होते. आता चिठ्ठी आली होती. "कार्तिकात आपल्या ज्या दोन बाळंतिणी तापानं गेल्या," बाई टेबलावरचा टाक उचलून परत ठेवत म्हणाल्या, "त्यांच्या अंगात जे जंतू निघाले तेच हे. ज्याच्या नाकात असतात त्याला काही होत नाही. बोलताना, खोकताना, बाळंतिणीवर वाकताना तिच्यापर्यंत जातात. यात तुमचा काही दोष नाही. माझ्याही नाकात निघू शकले असते." ब्राह्मीनं मान हलवली. कशाला हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही. मग बाई जरा थांबल्या. "एक विचारते. या जंतूंना सल्फाच्या गोळ्यांचं भय उरलेलं नाही. कुपीत सल्फा घालून वाढवले तरी वाढले. थोडं थोडं औषध कुणाच्या पोटात जात राहिलं की असं होतं म्हणतात. मरण्याइतकं नाही, नुसती ओळख होण्याइतकं. तुम्ही कधी घेतल्या होत्या का गोळ्या?" आणि ब्राह्मी म्हणाली, "नाही, बाई."

निपाणीची मोटार काकतीचा चढ चढताना घुसमटत होती. ब्राह्मी मागच्या बाकावर खिडकीला नाक लावून बसली होती, म्हणजे आपला श्वास बाहेर जाईल. शेजारच्या बाईच्या मांडीवर अंगडं-टोपडं घातलेलं मूल होतं आणि ते तिच्याकडे बघून हसत होतं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला. मुलाला तो खेळ वाटला आणि ते जास्तच हसू लागलं. दोन महिन्यांची रजा. नाकात लावायचं मलम. तीन वेळा कापूस स्वच्छ निघाला की परत या, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नर्सिंग शिकायला आल्यापासूनच्या एकवीस वर्षांत ती एक दिवस रजेवर गेली नव्हती. हे ती कुणाला सांगत नसे, पण सगळ्यांना ते ठाऊक असेल याची काळजी घेत असे. घसा दर थंडीला धरायचा. घसा धरला म्हणून सांगितलं की घरी पाठवणार, मग अंबुबाईच्या अंगावर दोन्ही वॉर्ड पडणार. पण तेही खरं कारण नव्हतं. खरं कारण हे, की ब्राह्मीबाईंना काही होत नाही, असं जे सगळे म्हणत, ते तिला आवडायचं. ताप उतरलेल्या बाळंतिणींच्या वाटीत दोनचार गोळ्या उरायच्या. त्यातली एक ती सकाळी घ्यायची, एक दुपारी. दुसऱ्या दिवशी गिळताना दुखेनासं झालं की बस. औषध वाया घालवू नये, तसं ते जास्तही घेऊ नये, अशीच तिची समजूत होती, आणि त्या समजुतीत एक शहाणपण असल्यासारखं तिला वाटायचं. अशी किती वर्षं? पाच? सहा? पहिल्यांदा सल्फा आलं तेव्हा तिनं स्वतः पाहिलं होतं, मरायला टेकलेली बाई तिसऱ्या दिवशी उठून भाकरी मागत होती. डॉक्टरीणबाई त्या दिवशी व्हरांड्यात उभ्या राहून रडल्या होत्या. आणि या कार्तिकात जांबोटीच्या अक्काताईला तेच औषध पाच दिवस दिलं, घड्याळाच्या काट्यावर, आणि ते पाणी दिल्यासारखं गेलं. एकोणीस वर्षांची पोर. बैलगाडीतून रानातली वाट तुडवत आली होती. बाळंतपण ब्राह्मीनंच केलं, नीट केलं, टाकाही पडला नाही. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. तिच्या नवऱ्याचं नाव भरमू. मयत गाडीत ठेवल्यावर तो परत आत आला, मूल काखेत तसंच धरून वाकला आणि ब्राह्मीच्या पायांना हात लावून म्हणाला, "तुम्ही लई केलासा, बाई. आमचंच नशीब न्हवतं." तेव्हा तिला भरून आलं होतं. आपल्याला भरून आलं होतं, हे आठवून मोटारीत तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अक्काताईनंतर आणखी एक गेली. तिसरीला लष्करी दवाखान्यातून हातापाया पडून आणलेल्या पेनिसिलिननं वाचवलं, आणि तेव्हाच डॉक्टरीणबाईंच्या डोक्यात नाकं तपासायचं आलं.

गावाबाहेर मळ्यात घर. पौषातला तंबाखू कापून वावरात पसरला होता आणि वाऱ्याबरोबर त्याचा उग्र, नाकाला झोंबणारा खाट घरात शिरत होता. दारातच आईला शिंक आली, भावाला आली, आणि ब्राह्मीनं पदराचा बोळा नाकावर दाबून श्वास कोंडला तो डोळ्यांत पाणी येईतो. "आक्का, अशी अवचित कशी आलीस गं?" बाबगोंडानं पेटी उचलली. धाकटा भाऊ, पण आप्पा गेल्यापासून घरचा कर्ता तोच. "रजा मिळाली," ती म्हणाली. "लई बरं झालं. देवानंच धाडलं तुला," आई म्हणाली. आतल्या सोप्यातून बाबगोंडाची बायको लक्ष्मीबाई भिंतीला धरत धरत आली, आणि तिचं पोट पाहून ब्राह्मीचे पाय उंबऱ्याशीच खिळले. पत्र आलं होतं, दिवस गेल्याचं तिला ठाऊक होतं. हिशोब तिनं केला नव्हता. दवाखान्यात दुसऱ्यांच्या बायकांचे महिने बोटांवर मोजणारी ती, आपल्या भावजयीचे मोजायचं राहून गेलं होतं. लक्ष्मीबाईची दोन पोरं जन्मतःच गेली होती. "वन्सं, तुम्ही आलासा, आता मला भ्या न्हाय," लक्ष्मीबाई म्हणाली आणि पटकन तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. आत मूल वळलं. ब्राह्मीनं हात मागे घेतला, आणि लक्ष्मीबाईच्या तोंडावर जे आलं ते बघायला नको म्हणून तिनं वाकून पायातल्या चपला काढल्या. त्या कधीच काढून ठेवल्या होत्या.

उद्या जाऊ, असं ती रोज सकाळी ठरवत असे. चिकोडीला मावशी होती. पण मावशीला तरी काय सांगायचं? ती बाहेरच्या पडवीत निजायची, ताट बाजूला घ्यायची, तोंडाला फडकं बांधायची. "तंबाखूचा खाट सोसत न्हाय मला आता," ती सांगायची. "शहरात ऱ्हाऊन नाजूक झालीस," बाबगोंडा हसायचा. घरात सगळं होतं तसंच होतं. आई अजून पाणी गाळताना घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायची, आणि फडक्यात राहिलेली जिवाणी, म्हणजे पाण्यातले न दिसणारे जीव, तांब्याभर पाण्यानं अलगद विहिरीत परत सोडून यायची. लहानपणी ते काम ब्राह्मीचं होतं. तांब्या वरून ओतायचा नाही, दोरानं पाण्यापर्यंत सोडायचा, नाहीतर जीव पडून मरतात, असं आप्पा सांगायचे. दिसत नाहीत ते कसे मरतात, असं तिनं एकदा विचारलं होतं. दिसत न्हाईत म्हणूनच जपायचं, आप्पा म्हणाले होते. समाजातली माणसं तोंडावर नावं ठेवत असताना, विधवा पोरीला नर्सिंग शिकायला धाडणारे आप्पा. परक्या बायकांचं रक्त धुणार काय लेक, असं देवळाच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं तेव्हा ते म्हणाले होते, धुऊ दे, निदान कुणाचं सांडायची न्हाय. हे तिला मागे आईनं सांगितलं होतं आणि ते वाक्य ती एकवीस वर्षं अंगावर दागिन्यासारखं वागवत आली होती. आता पडवीत बसून ती त्या वाक्याकडे बघायची आणि तोंडावरचं फडकं आणखी घट्ट बांधायची.

कळा दुपारी सुरू झाल्या. गावातली सुईण गुणाबाई आली, काठी भिंतीला टेकवून आत गेली आणि लगेच बाहेर आली. "चल गं ब्राह्मी. पायाळू हाय का बघ, मला आता बोटांस्नी न्हाय कळत." ब्राह्मी पडवीच्या खांबाला पाठ लावून उभी होती. "मी येत न्हाय," ती म्हणाली. आईला ते ऐकूच आलं नसावं, ती हातात कढत पाण्याचं पातेलं घेऊन वाट बघत राहिली. "मी बाहेरची हाय," ब्राह्मी म्हणाली. "आज सकाळीच." खोटं किती सोपं आलं! आणि किती पुरेसं होतं ते. आईच्या कपाळावरची आठी गेली, तिनं मान डोलावली. असं असलं की बाईनं बाजूला बसायचं, यात विचारण्यासारखं काय आहे? लक्ष्मीबाई वाचेल. ब्राह्मीही वाचेल. कुणाला काही कळणार नाही, जन्मात कळणार नाही. तिला एकदम पोटातून थंड, मोकळं वाटलं, एखादा दात पडल्यावर वाटतं तसं. तेवढ्यात गुणाबाई फसकन हसली. "अगं येडे, बाळंतिणीच्या खोलीत कसला आलाय विटाळ? तिथं समदाच विटाळ. उगं वेळ काढू नगंस. चल आत." आतून लक्ष्मीबाईनं हाक मारली, "वन्सं!" आणि मग पुन्हा, निराळ्या आवाजात, "वन्सं, अवो..." बाबगोंडा अंगणातून पुढे आला. त्यानं बहिणीकडे बघितलं. त्यानं असं तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. "आक्का," तो हळू म्हणाला, "तुला प्वार न्हाय म्हणून... तिच्या वाईटावर न्हाईस न्हवं तू?"

ब्राह्मीनं तोंडावरचं फडकं जरा सैल केलं आणि पुन्हा घट्ट केलं. ती काय बोलली ते तिला नंतर नीट आठवेना. एवढंच आठवलं की ती भावाकडे नव्हे, आईच्या हातातल्या पातेल्याकडे बघून बोलत होती आणि वाफ वर जात होती. "माझ्या नाकात रोग हाय. मला काय होत न्हाय त्यानं. मी ज्या बाळंतिणीपाशी जाते तिला होतो. दवाखान्यात दोघी गेल्या. माझ्या हातनं. म्हणून मला घरी धाडलंय. रजा न्हवं. मी आत गेले तर लक्ष्मी मरंल, आणि तिला द्यायला औषध न्हाय." वावरातून गड्यांच्या शिंका ऐकू आल्या. आईनं पातेलं खाली ठेवलं. गुणाबाई मात्र दाराच्या चौकटीला धरून तिच्याकडे बघत राहिली, जशी दुखणाईताकडे बघतात तशी. "दोघी?" ती म्हणाली. "माझ्या हातनं किती गेल्या त्येची गणती न्हाय, बाई. तिसऱ्या दिशी हीव भरायचं आन् जायच्या. आमी म्हणायचो, बाहेरचं लागलं." तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "नाकात, म्हणतीस. आन् हातात?" "हातात बी," ब्राह्मी म्हणाली. "मग सांग काय करायचं ते. भाईरनंच सांग. माझं वय झालं, पर कान शाबूत हाईत."

मग ती दारापासून पाच हात लांब बसून सांगत राहिली. नखं कापा. कोपरापर्यंत हात धुवा, पुन्हा धुवा, कढत पाण्यात. आता काही शिवू नका, पदरसुद्धा. तोंड बांधा. दोरा आणि पातं पाण्यात उकळू द्या, मी सांगेन तेव्हा काढा. आईनं गुणाबाईच्या तोंडाला पाणी गाळायचं नवं फडकं बांधलं. आतलं काही दिसत नव्हतं. ब्राह्मी डोळे मिटून लक्ष्मीबाईच्या श्वासावरून ओळखत होती, आता जोर कर, आता नको, आता कुत्र्यासारखी धाप टाक. तिचे स्वतःचे हात मांडीवर पडून होते आणि मधेच वळत होते, पेलत होते, धरत होते, आणि ते तिला आवरता येत नव्हते. दिवस कलला. ऊन पडवीवरून उतरून गेलं. मग आत काहीतरी ओलं, जड असं घसरल्याचा आवाज झाला आणि गुणाबाई ओरडली, "लेक!" आणि लेक रडली. बाबगोंडा अंगणात खाली बसला. त्यानं बहिणीला हाक मारली नाही, पण उठून तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्यापाशी, जरा दूर, जमिनीवर ठेवलं.

तिसरा दिवस गेला. ब्राह्मी घटकाघटकेला दाराबाहेरून विचारायची, अंग कसं हाय, हुडहुडी न्हाय न्हवं. पाचवा गेला. ताप आला नाही. आणि घर तिच्याशी चांगलं वागू लागलं, हे तिला सगळ्यात जड गेलं. आई म्हणायची, "पूर्वकर्म, बाई. तुझा काय दोष?" बाबगोंडानं एकदा पाठमोरा उभा राहून सांगितलं, "त्या दिशी बोललो ते मनात धरू नगंस." गुणाबाई तर गावभर सांगत हिंडली की ब्राह्मीनं भाईर बसून बाळंतपण केलं. लोक आले, लांबून हात जोडून गेले. भरमूही असाच पायांना हात लावून गेला होता. खरं सांगितलं म्हणून तिला हे सगळं मिळत होतं, आणि तिनं अर्धंच सांगितलं होतं. नाक देवानं दिलं. गोळ्या तिनं घेतल्या होत्या. पुरत्या घेतल्या असत्या, किंवा मुळीच घेतल्या नसत्या, किंवा घेतल्या म्हणून तेव्हाच सांगितलं असतं... सांगितलं असतं तर काय, ते तिला पुढे जोडता येईना. अक्काताई परत आली नसती. मग कुणासाठी सांगायचं? स्वतःला बरं वाटावं म्हणून? तेही एक औषधच, थोडंसं, दुखणं थांबण्यापुरतं.

बाराव्या दिवशी सकाळी लक्ष्मीबाई दाराच्या आत पोरीला पाजत बसली होती आणि ब्राह्मी पडवीत, रोजच्या जागी. "वन्सं, पोरीचं नाव तुमचंच ठेवायचं म्हणत्यात हे," लक्ष्मीबाई म्हणाली. "ठेवू नगंस," ब्राह्मी म्हणाली, आणि मग तिनं गोळ्यांचं सांगितलं. वाटीतल्या उरलेल्या गोळ्या, एक सकाळी, एक दुपारी, सहा वर्षं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते, आणि आपण नाही म्हणालो ते. लक्ष्मीबाई शाळेत गेली नव्हती. तिला कितपत कळलं असेल असं ब्राह्मीला वाटत होतं, आणि कळलं नसलं तर बरं, असंही वाटत होतं. लक्ष्मीबाईनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "म्हंजी त्या डाक्टरीणबाईस्नी अजून ठावं न्हाय," ती म्हणाली. "न्हाय." "आन् तिथल्या दुसऱ्या बाया? त्यास्नी बी घसा धरत आसंल की थंडीचा." ब्राह्मीनं मान वर केली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. इतके दिवस ती स्वतःच्या नाकाभोवती फिरत होती, आणि हे मनात आलं नव्हतं. "मोटार कवा हाय?" लक्ष्मीबाईनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यात घेतलं नाही. मागच्या अंगणात, चाफ्याखाली उभं केलं आणि स्वतः पायरीवर उभ्या राहून ऐकलं. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला. दोष नाही, असं त्या या खेपेला म्हणाल्या नाहीत. "अक्काताईच्या वेळी?" "त्याच्या आदल्याच आठवड्यात, बाई." त्या आत गेल्या. ब्राह्मीला वाटलं, आता येणार नाहीत. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या मागून सगळ्या नर्सा हात पुसत बाहेर आल्या. "मला सांगितलंत ते यांना सांगा," बाई म्हणाल्या. "सगळं. तुमच्याच तोंडानं." ब्राह्मीनं सांगितलं. दहा हातांवरून सांगायचं म्हणून मोठ्यानं सांगावं लागलं, आणि असल्या गोष्टी मोठ्यानं सांगताना त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी वाटतात. म्हणून मधेच थांबून ती पुन्हा म्हणाली, "मी घेत होते. मी."

कुणी कुणाकडे बघेना. मग अंबुबाईनं कनवटीला हात घातला. कागदाची एक पुडी निघाली, घामानं मऊ झालेली. ती तिनं पायरीवर डॉक्टरीणबाईंच्या पायांशी ठेवली. "घशासाठी न्हाय, बाई. धाकट्याचा कान वाहतोय." "किती दिवस देतेस?" "दुखायचं थांबंस्तोवर." तिच्या मागची एक पोरगेली नर्स रडायला लागली, आणि ती का रडते ते सगळ्यांना कळलं. आणखी एकीनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाई त्या पुडीकडे बघत उभ्या होत्या. ब्राह्मीच्या छातीवरून काहीतरी सरकलं. आपण एकट्या नव्हतो. किती दिवसांनी तिला पुरता श्वास घेता आला. तो घेता घेताच तिला कळलं की हा आनंद आहे, दुसऱ्याही अपराधी निघाल्याचा, आणि तिनं इतक्या जोरानं नजर दुसरीकडे वळवली की ती वॉर्डाच्या खिडकीवर गेली. खिडकी उघडी होती. कालपरवा बाळंत झालेली कुणी खेड्यातली बाई एका हातानं गज धरून उभी होती, केव्हाची उभी होती कोण जाणे. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ब्राह्मीकडे बघितलं, मग पायरीवरच्या नर्सांकडे एकेक करून बघितलं, आणि छातीशी धरलेल्या पोराच्या तोंडावर हळूच पदर ओढून घेतला.